फक्त फॅमिलीसाठी

सांगलीला खोली बघायला मी एकटी जाऊन येते, असं राणी म्हणाली होती. पण बनुबाईंनी आदल्या दिवशीच वैरण कापून ठेवली, म्हशीच्या धारेचं जावेला सांगितलं आणि सकाळी कडेगावच्या स्टँडवर सुनेच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या.

"नळाला पाणी कवा येतं, शेजार कसा हाय, हे इचारायला लागतं," त्या म्हणाल्या. "तू गप बसतीस हल्ली."

हे खरं होतं. शिवतेज गेल्यापासून राणी गप बसायची. शिवतेज म्हणजे राणीचा नवरा, बनुबाईंचा एकुलता ल्योक. मिलिट्रीत हवालदार होता. दिवाळीच्या सुट्टीवर आला होता, आणि एका संध्याकाळी विट्याहून परत येताना त्याची मोटारसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागनं गेली. ट्रॉलीला ना दिवा होता ना मागं लाल फडकं. सीमेवर गेला असता तर गावानं चौकात कमान उभी केली असती, शाळेला नाव दिलं असतं. सुट्टीवरच्या मरणाला तसं काही नसतं. पलटणीतनं चार जण आले, सलामी देऊन गेले. कारखान्याचा हंगाम सुरू होता, माणसं ऊसतोडीच्या मागं लागली.

तेव्हापासून राणीचं सगळं नीट चालू होतं. भाकरी करपत नव्हती, पोरीची वेणी चुकत नव्हती. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर बोटाला कळतं पण गालाला कळत नाही. तिचं सगळ्या अंगाचं तसं झालं होतं. माहेरच्या बायकांनी तिला रडवायची पुष्कळ खटपट केली. शेवटी त्याच रडल्या आणि गेल्या.

जिल्हा परिषदेच्या परीक्षेला तिला शिवतेजनंच बसवलं होतं. निकाल लागला तेव्हा तो नव्हता. पेढे कुणी आणायचे हे घरात कुणाला सुचेना, म्हणून ते आणलेच गेले नाहीत. सांगलीत नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा सासरे लालासाहेब गोठ्यात होते. तिथनंच म्हणाले, "जा बाय. पोरीला तिथंच साळंत घाल." एवढंच.

नंदू, म्हणजे राजनंदिनी, औंदा पहिलीत जाणार होती. राणीला सहापर्यंत कचेरी, नंदूची शाळा दुपारीच सुटणार. म्हणजे शाळा जवळ पाहिजे, शेजारी घरात कुणीतरी बाईमाणूस पाहिजे, आणि पुराचं पाणी येणारी जागा नको. बाकी कसली अट राणीला सुचत नव्हती. तिला कुठंही चाललं असतं, आणि ते काही चांगलं लक्षण नाही हे तिलाही कळत होतं.

सांगलीच्या स्टँडवर बाळासो रिक्षा घेऊन उभा होता. भावकीतलाच पोरगा. सांगलीत रिक्षा चालवायला लागून त्याला बरीच वर्षं झाली होती. "वैनी, बसा. काकी, तुमी आत सरका," म्हणून त्यानं रिक्षा काढली.

पहिली खोली सांगलवाडीत होती, पूल ओलांडून. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. बनुबाईंनी आत शिरल्या शिरल्या खिडकीच्या गजांना हात लावला. वरच्या अर्ध्यात गज गुळगुळीत होते, खालच्या अर्ध्यात गंजून खवले धरलेले.

"हितपतूर आलतं व्हय पाणी?" त्यांनी घरमालकाला विचारलं.

"आवं मावशी, ते एकदाच. दरसाल येतंय व्हय?"

"एकदाच पुरं हाय की," बनुबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

दुसरी जागा विश्रामबागेत, एका अपार्टमेंटमध्ये. लिफ्ट होती, खाली वॉचमन होता. मालक बँकेतला माणूस, घाईत होता. त्यानं कपाटं दाखवली, गॅलरी दाखवली आणि मग विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

"वारले," राणी म्हणाली. पत्ता सांगावा तसं म्हणाली.

मालक थांबला. "अच्छा. सॉरी. म्हणजे मग राहणार कोण?"

"मी आणि मुलगी."

"असं." त्यानं चावी या हातातनं त्या हातात घेतली. "नाही, त्याचं काय आहे, सोसायटीचा नियम आहे. फक्त फॅमिलीला द्यायचं. तुम्हाला कळवतो मी."

"मग आमी फॅमिली न्हाई तर काय हाय?" बनुबाईंनी विचारलं.

"मावशी, तसं नाही. मी कळवतो."

लिफ्टमधून खाली येताना बनुबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. राणीला वाटलं, आपल्यालाही राग यायला पाहिजे. तिनं थोडा वेळ वाट बघितली. आला नाही. वॉचमनच्या टेबलावरच्या पंख्याचा वारा पायाला लागत होता, तेवढं कळलं.

तिसरं घर त्याच बाजूला, आतल्या गल्लीत होतं. गल्लीत शिरल्याबरोबर बाळासोनं रिक्षा हळू केली, कारण मधोमध पोरं क्रिकेट खेळत होती आणि कुणी बाजूला व्हायला तयार नव्हतं. कोपऱ्यावर शाळेची पिवळी बस उभी होती. एक म्हातारे गृहस्थ फाटकाला पाणी मारत होते, शेजारच्या कट्ट्यावर दोघी जणी मेथी निवडत बसल्या होत्या. समोर छोटी बाग, तिथं झोपाळा, घसरगुंडी. नंदूला इथं आणून सोडली तर ती तासभर घरात येणार नाही, हे राणीला बघताक्षणी कळलं.

फाटकाला पाणी मारणारे तेच घरमालक. आरवाडे त्यांचं नाव, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वतंत्र जिना, चोवीस तास पाणी. शाळा चालत जाण्यासारखी. आरवाडेकाकू जिन्यानं वर येऊन स्वतः स्वयंपाकघर दाखवत होत्या. "दुपारी मुलगी आली तर आमच्याकडं बसेल की. माझी नातवंडं पुण्याला, घर खायला उठतं हो." मग काकांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

राणीनं तोंड उघडलं. पण त्याआधीच बनुबाई बोलल्या.

"मिलिट्रीत हाय त्यो. हवालदार हाय."

"अरे वा!" काका एकदम ताठ उभे राहिले. "कुठं असतात सध्या?"

"लांब हाय. तिकडं बर्फात. फोन बी लागत न्हाई कवाकवा."

"लागत नाही, बरोबर. माझा एक विद्यार्थी होता तिकडं." काकांनी काकूंकडं बघितलं. "आता दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही जागा. फौजी माणसाच्या फॅमिलीला नाही म्हणायचं म्हणजे काय!"

राणी खिडकीशी उभी होती. आपण आता बोलायला पाहिजे, हे तिला समजत होतं. पण आत काही हललं नाही. उलट ते खोटं फार सहज बसलं. लग्न झाल्यापासून शिवतेज बहुतेक वेळ लांबच असायचा. फोन न लागणं, सणाला नसणं, पोरीच्या तापात नसणं, हेच त्यांचं नेहमीचं होतं. तो बर्फात आहे म्हटल्यावर तो बर्फात दिसला. कानटोपी घातलेला, नाक लाल झालेला. त्यात काही अडलं नाही.

बनुबाईंनी कमरेची पिशवी सोडून अनामत तिथंच देऊन टाकली. खाली चहा झाला. बनुबाई बोलत होत्या. इतक्या दिवसांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या. त्याला बेसनाचे लाडू कसे आवडतात, सुट्टीवर आला की म्हशीला कसा स्वतः धुतो, मागच्या पत्त्यावर लाडू पाठवले तर सगळ्या पलटणीनंच कसे खाल्ले. काकू हसत होत्या. मग त्यांची नजर राणीच्या गळ्याकडं गेली.

"आवं, बसमधी चोऱ्या लय व्हत्यात," बनुबाई तेवढ्यात म्हणाल्या. "म्हनून काढून ठिवलंय."

निघताना काकू देवघरातनं करंडा घेऊन आल्या. आधी बनुबाईंना हळदकुंकू लावलं. मग राणीच्या पुढं आल्या. राणी मागं सरकली नाही. काकूंचं बोट कपाळाला लागलं आणि उचललं गेलं.

रिक्षात बाळासोनं आरशातनं मागं बघितलं, आणि नंतर स्टँड येईपर्यंत परत बघितलं नाही. पैसेही घेतले नाहीत. "काकी," एवढंच तो म्हणाला, आणि रिक्षा वळवून निघून गेला.

बसमध्ये बनुबाई पलूसपर्यंत झोपल्या. गाढ, तोंड उघडं टाकून. इतके महिने त्या रात्री अंगणात फेऱ्या मारायच्या, हे राणीला माहीत होतं. म्हणून तिनं त्यांना उठवलं नाही.

घरी पोचल्यावर नंदू पळत आली आणि थबकली. "मम्मी, तू कुंकू लावलंयस."

राणी ते विसरूनच गेली होती. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी न्हाणीघरात कपडे धूत होती. बाहेर अंगणात बनुबाई नंदूला घास भरवत होत्या. आवाज आत येत होता.

"सांगलीत कुनी इचारलं, पप्पा कुठं हायत, तर काय सांगायचं? ड्युटीवर हायत. सांग बघू."

"ड्युटीवर हायत."

"शानी माजी."

नंदूनं घास गिळला. "आज्जी, मग ते हितं येत न्हाईत, तिथं येणार हायत?"

ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिथं सुट्टीवर येणार हायत व्हय? मग मला आधी का सांगितलं न्हाई?"

राणी साबणाच्या हातानंच बाहेर आली. नंदू उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते राणीनं बघितलं. दिवाळीच्या आधी, पप्पांची गाडी कधी येणार म्हणून ती फाटकावर चढून बसायची, तेव्हाचा चेहरा.

"न्हाईत येणार," राणी म्हणाली. "पप्पा कुठंच येणार न्हाईत, नंदू. तुला सांगितलंय मी."

पोरगी ताटलीतला घास तसाच ठेवून जनावरांकडं निघून गेली.

बनुबाई खाली बघत होत्या. राणी त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आत्या," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "मी उद्या जाऊन त्यांना खरं सांगून येते."

"चांगली जागा हाय गं. पोरीला झोपाळा हाय."

"हाय. पण पोरीला रोज खोटं बोलायला लागंल. आणि सुट्टी कवा हाय, असं ती बाई मला दर म्हैन्याला विचारंल. मी काय सांगू?"

बनुबाईंनी ताटली बाजूला सारली. "मला कळतंय की. मला काय कळत न्हाई व्हय? पर त्या मानसानं इचारलं, आन् माज्या तोंडातनं आपसूक आलं बग." त्यांनी पदराला बोटं पुसली. "तेवढा घटकाभर जिता हुता गं त्यो. लाडू खात हुता. म्हनून मी बोलत ऱ्हायले."

राणीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. साबणाचा फेस लुगड्याला लागला. दोघींनीही तो पुसला नाही.

सांगलीला या वेळी ती एकटी गेली. आरवाडे काका पेपर वाचत होते, काकू वाटाणे सोलत होत्या. राणी बसली नाही. "माझे मिस्टर मागच्या दिवाळीत वारले. अपघातात. सासूबाई बोलून गेल्या, मी त्यांना अडवलं नाही. चूक माझीपण आहे."

काकांनी चष्मा काढला. "अहो, मग आधीच सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर दिली असती?"

काकांनी पेपराची घडी घातली. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून तर त्यांना चटकन उत्तर देता येईना. आत जाऊन त्यांनी अनामत आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "खोटं बोलून राहायला आलेलं... उद्या आणखी काय निघेल, असं वाटत राहतं हो माणसाला."

"बरोबर आहे," राणी म्हणाली.

काकू फाटकापर्यंत आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी कुंकू लावलं गं तुला. मला माहीत असतं तर मी लावलं नसतं."

"लावलंत ते असू दे, काकू."

बोलून राणी रस्त्याला लागली. बागेत झोपाळ्यावर कुणाची तरी पोरगी होती. हे सगळं आपल्याला लागायला हवं, असं तिला पुन्हा वाटलं. लागलं असेलही. पण ते फार खोल कुठंतरी होतं, आणि वरपर्यंत येत नव्हतं.

बाळासो कोपऱ्यावर रिक्षा लावून थांबला होता. सगळं ऐकून म्हणाला, "वैनी, एक जागा हाय कुपवाडला. मी मुद्दामच दावली न्हवती. ही असली न्हाई. कारखान्यांचा भोंगा वाजतो, धूळ असती. बाग-बिग काय न्हाई. पर बाई चांगली हाय."

"चला," राणी म्हणाली.

एका ओळीत तीन खोल्या, पुढं मोकळं अंगण, अंगणात दोन शेळ्या बांधलेल्या. एक बाई पोत्यावर बसून चिंचा फोडत होती. धोंडुबाई तिचं नाव. मूळची आटपाडीकडची. पूर्वी त्यांची मेंढरं होती; नवऱ्याला इथल्या कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि हळूहळू या खोल्या बांधल्या. हे सगळं तिनं चिंचा फोडता फोडता, न विचारताच सांगितलं.

"आमी दर दिवाळीनंतर मुक्काम बदलायचो," ती म्हणाली. "नव्या जागंला गेलं की पानी बघायचं, आन् मानसं शिव्या देत्यात का बघायचं. बस. तू बग बाय, दार उघडंच हाय."

राणीनं बघितलं. दोन खोल्या, ओटा, मोरी. पत्र्याखाली उन्हाळ्यात तापणार. शाळा पलीकडच्या रस्त्याला, रस्ता ओलांडायला लागणार.

"साळंचा रस्ता मोठा हाय," ती बाहेर येऊन म्हणाली.

"माझी नात बी जाती त्या साळंत. मी आनती तिला. एकीचा हात धरते तशी दोघींचा धरीन." धोंडुबाईनं चिंचेचा चिंचोका वेगळा टाकला. "मालक?"

"वारले."

"कशानं?"

राणीला हे कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि परके लोक 'वारले' म्हटल्यावर विषय बदलायचे. ती पोत्याच्या कडेला बसली. सांगायला लागली. दिवाळी झाली होती. नंदूला बूट आणायला ते विट्याला गेले होते. सूर्य नुकताच मावळला होता, दिसतही होतं आणि नव्हतंही. ट्रॉलीचं चाक फुटलं म्हणून ड्रायव्हर ती रस्त्याला तशीच सोडून गेला होता. बूट पिशवीत होते. पोलिसांनी पिशवी आणून दिली तेव्हा बुटांना काही झालेलं नव्हतं. नंदूनं ते घातले, आता ते तिला लहान होतात.

तिचा आवाज सारखा एका पट्टीत होता, जणू दुसऱ्याचं सांगत होती. बाळासो रिक्षाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"मुडदा बशिवला त्या ट्रॉलीवाल्याचा," धोंडुबाई म्हणाली. "एक दिवा लावाय काय हुतं त्येला? एक फडकं बांधाय काय हुतं?" आणि मग तिनं त्या न बघितलेल्या ड्रायव्हरला, त्याच्या मालकाला आणि मुकादमाला अशा शिव्या घातल्या की शेळ्यांनी माना वर केल्या.

राणी ऐकत होती. आपल्या छातीत काहीतरी गरम झालंय, असं तिला क्षणभर वाटलं. रागच असावा. तो फार वेळ टिकला नाही. पण आला होता.

जूनच्या सुरुवातीला त्या राहायला गेल्या. टेंपोत गॅस, दोन पेट्या, नंदूची सायकल आणि लालासाहेबांनी भरून दिलेली ज्वारी-तांदळाची पोती. बनुबाई बसवून द्यायला आल्या होत्या. जागा त्यांना पसंत नव्हती. "ही काय खोली हाय? शेळ्यांचा वास येतो," त्या कुरकुरल्या. नंदू आल्या आल्या धोंडुबाईच्या नातीबरोबर कुठंतरी गेली होती, आणि तिला शोधायची गरज कुणाला वाटली नव्हती.

दुपारी राणी आत फळीवर डबे लावत होती. बाहेर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. पहिल्यांदा बोलणं पाण्याचं झालं, मग कारखान्यातल्या पाळ्यांच्या वेळांचं, मग धोंडुबाईच्या गुडघ्यांचं. धोंडुबाईनं विचारलं, "तुमाला पोरं किती?"

आत राणीचा हात डब्यावर थांबला.

एक शेळी ओरडली. पलीकडच्या कारखान्यातनं काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला.

"एक हुता," बनुबाई म्हणाल्या. "गेला त्यो."

हे त्या कुणापुढंच म्हणाल्या नव्हत्या. घरीसुद्धा नाही. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांपुढंही नाही.

थोड्या वेळानं बनुबाईंच्या हुंदक्याचा आवाज आला, मोठा, खरखरीत, मग आणखी एक. राणीला बाहेर जावंसं वाटलं, आणि गेलं नाही तरी चालेल असंही वाटलं. तिकडं कुणीतरी होतं. तिनं उरलेले डबे लावले. डाळी खालच्या फळीवर, पीठ वर. मग गॅसची शेगडी पुसून तिघींपुरतं चहाचं आधण ठेवलं. स्वतःचे डोळे कोरडेच होते. उकळी यायची वाट बघत ती ओट्याला टेकून उभी राहिली, आणि बाहेरचं रडणं हळूहळू बोलण्यात मिसळत गेलेलं ऐकत राहिली.